बासष्ट पत्रे

पाळकसाहेब, पावती माझ्याच हातची.
बासष्ट पत्रे, रंग जांभळा,
खिळ्यांचे दोन डबे,
दाते श्री. वेलिंग्टन म्फांडे, उमेदवार.
'उमेदवार' हा शब्द मी मागाहून खोडला,
खालच्या कार्बनवर तो उरलाच.

त्याच आठवड्यात चिंथेचेच्या घराघरात
मिठाची एकेक पिशवी आली.
आम्ही बायकांनी घेतली. का नाही घ्यायची?
मासळी खारवायला मीठ लागतं,
आणि सरोवर कुणाच्या पक्षाचं नसतं.
चुलीपाशी पिशवी ठेवताना मात्र मनात आलं,
आता खाल्ल्या मिठाला जागावं लागणार.

शनिवारी हिशेबाची वही द्यायला आले
तर तुमची न्यामहांगो दारातच म्हणाली,
"तिसऱ्यांदा फाडलंय. चहा थंड झालाय, माणूसही."
टेबलाखाली चुरगळलेले कागद.
एक उचलला. खोटं कशाला बोलू, वाचला.
त्यात म्फांडेचं नाव होतं,
आम्ही जाळी सुकवायचो ती वाळू होती,
तिच्याभोवतीच्या लॉजच्या काटेरी तारा होत्या,
आणि शेवटी, 'म्हणून मंडळीहो, तुमचं मत'
एवढ्यावर पेनाची रेघ,
कागद फाटेपर्यंत ओढलेली.

रविवारी तो पहिल्या रांगेत. बूट नवे.
तुम्ही त्या राजाची गोष्ट वाचलीत
ज्याला शेजाऱ्याचा मळा
भाजी लावायला हवा होता.
वाचून थांबलात. इतका वेळ
की छपराच्या भोकातून पडलेला उन्हाचा ठिपका
म्फांडेच्या बुटावरून मोज्यावर चढला.
मग प्रार्थनेच्या यादीत,
आजाऱ्यांनंतर, बाळंतिणींच्या आधी,
वाळू गेलेल्या अकरा घरांची नावं घेतलीत.
एकेक. पोराबाळांसकट.
आणि माझ्याकडे वळून,
"खजिनदारबाई, आठवड्याचं अर्पण वाचा."

मी वाचलं.
शेंगदाणे, अर्धी पाटी.
कोंबडी, एक.
न्यासिंबेये, वीस क्वाचा.
पत्रे, बासष्ट.
सगळं एकाच आवाजात.
चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीय,
आवाज कुठे चढू द्यायचा नाही ते कळतं मला.

बाहेर तुम्हाला दोन्हीकडून मार.
त्याची माणसं म्हणाली, देवळात राजकारण आणलंत.
दुसऱ्या पक्षाची म्हणाली,
नाव घ्यायची वेळ आली
तर तोंडात मिठाची गुळणी धरलीत.
बुधवारी तीच माणसं सिमेंट घेऊन आली,
तीस पोती, प्रत्येकावर त्यांचा बगळा.
मी पावती फाडली.

मला तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.
रात्री वाटतं, नाव घ्यायला हवं होतं.
ज्याच्या तारा, त्याचं नाव.
सकाळी त्याची आई स्त्रीमंडळात
माझ्या शेजारी बसून झाडूच्या काड्या बांधते
आणि मला तेवढं खात्रीचं वाटत नाही.
आणखी एक.
फळ्यापाशी उभ्या माणसाला वर्ग उलट बोलत नाही.
त्या शांततेला मी बरीच वर्षं
'पटलं' असं समजत होते.
तुमचं व्यासपीठ माझ्या फळ्याहून उंच आहे.

पत्रे अजून आंब्याखाली.
चढवायचे की परत धाडायचे,
सभा तीनदा बसली, तीनदा चहा झाला.
मधल्या फटीत एक कोंबडी अंडी घालते,
ती बहुधा अर्पणातलीच.

काल मोजले. साठ भरले.
न्यासिंबेयेच्या स्वयंपाकघरावर
काहीतरी जांभळं चमकतंय.
वहीत मी लिहिलंय, 'दोन, वाऱ्याने उडाले.'
सही करण्याआधी नीट वाचा.
त्या आठवड्यात सरोवरावर
पान हललं नव्हतं,
हे तुम्हालाही ठाऊक आहे.